उस्तादांची वही आणि पंपाचा पडदा

दादर टी.टी.हून पारशी कॉलनीकडे जाताना एका गल्लीत एक जुने गॅरेज आहे. दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा, भिंतीवर टांगलेले पाने, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि माठाच्या वर लाकडी फळीवर रचलेल्या जाडजूड वह्या. गॅरेजचे मालक मूळचे रत्नागिरीकडचे, वय सत्तरीच्या पुढे. सारी गल्ली त्यांना उस्ताद म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणू. त्यांच्या हाताखाली आमचा एक जुना विद्यार्थी काम शिकतो.

२०२५ चा पावसाळा संपता संपता हा मुलगा एका संध्याकाळी आमच्या घरी आला. म्हणाला, "सर, उस्तादांनी सलाम सांगितलाय. त्यांच्या वह्या वाचायच्या आहेत. जरा याल का?"

उस्तादांच्या डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झालेली. बारीक अक्षर आता लागत नाही. वह्या उर्दूत आणि तेलकट हातांनी घाईघाईत लिहिलेल्या. मुलगा मराठी शाळेत शिकलेला. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून हे काम आमच्याकडे आले. आम्हाला वाटले, जुन्या उधारीचा हिशेब असेल. पण काम निराळेच निघाले.

पेणजवळ थांबलेली पद्मिनी

माहीमच्या एका कुटुंबाकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांची गाडी म्हणून मुलाने जपलेली. पावसाळ्यातच एका रविवारी हे कुटुंब माणगावला निघाले. गाडीत पती-पत्नी, सून आणि दोन लहान नातवंडे. पेणच्या अलीकडे पेट्रोलचा वास येऊ लागला. मालक शहाणे, गाडी कडेला घेऊन त्यांनी आधी सगळ्यांना खाली उतरवले. इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर ऑइल खुणेच्या बरेच वर चढलेले, पाण्यासारखे पातळ आणि त्यालाच पेट्रोलचा वास. कोणाला इजा झाली नाही, अल्हम्दुलिल्लाह. गाडी टो करून दादरला आणली.

उस्तादांनी पेट्रोलचा पंप खोलला. आठच महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने बसवलेला त्यातला रबरी पडदा फुगून सुरकुतला होता आणि मधोमध चिरला होता. त्या चिरेतून पेट्रोल थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरत होते.

"दुकानदाराने ओरिजिनल म्हणून डबा दिला होता," उस्ताद आम्हाला म्हणाले. "जुना स्टॉक होता. रबर बोटाने दाबलं तेव्हाच जरा कडक लागलं होतं. मी मनात म्हटलं, चालेल. सर, दुकानदाराचं तो बघेल. पण ते 'चालेल' माझं होतं."

त्याच दुकानातून त्यांनी एकदम बरेच पडदे घेतले होते. ते कोणाकोणाच्या गाडीत बसले, हे फक्त त्या वह्यांना ठाऊक होते.

हा पंप करतो तरी काय?

ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्हालाही हे सारे तिथेच, वही वाचता वाचता कळले.

पद्मिनीसारख्या गाडीची पेट्रोलची टाकी मागे असते आणि इंजिन पुढे. मागचे पेट्रोल ओढून पुढे कार्बोरेटरपर्यंत पोचवायचे काम हा मुठीएवढा पंप करतो. तो इंजिनलाच जोडलेला असतो. इंजिनमधला कॅमशाफ्ट फिरला की पंपाला आतून धक्का बसतो, पडदा मागे ओढला जातो आणि पेट्रोल आत येते. धक्का सुटला की स्प्रिंग पडद्याला परत ढकलते आणि पेट्रोल पुढे जाते. दोन लहान व्हॉल्व्ह पेट्रोलला उलटे फिरू देत नाहीत. या पडद्याला मिस्त्री लोक डायफ्राम म्हणतात. त्याच्या एका बाजूला पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला इंजिन. म्हणूनच तो फाटला की पेट्रोल एकतर बाहेर गरम इंजिनवर ठिबकते, नाहीतर आत ऑइलमध्ये मिसळते. पहिल्याने आग लागू शकते. दुसऱ्याने ऑइल पातळ होऊन इंजिन खलास होते.

जुन्या इंग्लिश गाड्यांची तऱ्हा वेगळी. एमजीच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्या किंवा साधी मॉरिस मायनर यांत एस.यू. कंपनीचा विजेवर चालणारा पंप असे. एस.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर लंडनच्या जोड्यांच्या व्यापारी घराण्यातले. त्यांनी पहिला कार्बोरेटर बनवला तेव्हा त्यात चामड्याचा भाता वापरला होता. घरच्या धंद्यातली वस्तू अशी इंजिनात गेली. त्यांच्या पंपातही पडदा असतोच, पण तो ओढते विजेची कॉइल. पडदा पूर्ण ओढला गेला की वरचे पॉइंट 'टिक' करून उघडतात, वीज तुटते आणि स्प्रिंग पडद्याला परत ढकलते. पॉइंट पुन्हा जुळतात, पुन्हा टिक. कार्बोरेटर भरला की पंप आपोआप गप्प होतो.

"हा पंप बोलतो," उस्ताद म्हणतात. चावी फिरवल्यावर टिकटिक होऊन थांबली, तर सारे ठीक. घाईघाईने टिकटिकत राहिला, तर टाकी रिकामी आहे किंवा पाइपात कुठेतरी हवा शिरते आहे. इंजिन बंद असताना सावकाश टिकटिकत राहिला, तर कुठेतरी गळती आहे. अगदीच गप्प असला, तर पॉइंट काळे पडलेत किंवा वीज पोचत नाही. पूर्वीचे मालक अशा वेळी पंपावर हळूच ठोकत आणि गाडी चालू करत. मात्र तो इलाज घरी पोचण्यापुरताच.

जुने रबर आणि नवे पेट्रोल

उस्तादांना पडदा कडक लागला ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट पेट्रोल पंपावरची.

आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला २००३ मध्ये सुरुवात झाली. तेव्हा प्रमाण ५ टक्के होते. २० टक्के मिश्रणाचे, म्हणजे ई-२० चे, लक्ष्य आधी २०३० सालचे होते, ते अलीकडे आणून २०२५ चे केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये काही निवडक पंपांवर ई-२० सुरू झाले आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्वत्र आले. हे इथेनॉल आपल्या महाराष्ट्राच्या उसातूनही येते; शेतकऱ्याला त्याचा आधार आहे आणि परदेशी तेलाचा खर्च वाचतो. त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही.

पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. इथेनॉल जुन्या जातीच्या रबराला फुगवते, मऊ करते आणि पुढे चिरते. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सुटा करते आणि तो गाळ पंपाच्या जाळीत येऊन अडकतो. शिवाय ते हवेतला ओलावा ओढून घेते. मुंबईच्या पावसाळ्यात दोन-तीन महिने उभी राहिलेली गाडी म्हणजे टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले की, काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि ते काम स्वस्त व सोपे आहे. हे ठीकच आहे. मात्र ते काम करणाऱ्याने योग्य रबर घातले पाहिजे. इथेनॉल सोसणारे व्हायटॉनसारखे रबर आता मिळते. फळीवर वीस वर्षे पडून राहिलेली 'ओरिजिनल' पुडी दिसायला कितीही कोरी असो, तिच्यातला पडदा जुन्या पेट्रोलच्या काळातला असतो.

तेरा नावे

मगरिबनंतर तीन संध्याकाळी आम्ही वह्या घेऊन बसलो. आम्ही उर्दू वाचत होतो, मुलगा मराठीत उतरवून घेत होता. तारीख, गाडीचा नंबर, काम, घेतलेले पैसे. उस्ताद बाजूला स्टुलावर बसून ऐकत. मध्येच म्हणत, "त्यात माझा पडदा नाही, तो गिऱ्हाइकाने आणून दिला होता." कधी म्हणत, "हां, हा त्यातलाच. लिही."

एकूण तेरा नावे निघाली. अकरा पद्मिनी, एक मॉरिस मायनर आणि पारशी कॉलनीतली एक लाल एमजी.

आम्ही म्हटले, "उस्ताद, तुम्ही तर दुकानदाराकडून विश्वासाने माल घेतला. ज्यांची गाडी बिघडेल ते येतीलच की."

उस्ताद म्हणाले, "येतील, पण गाडी थांबली तर येतील. पेटली तर कोण येणार? गाडी माझ्याकडे एक दिवस असते, सर, पण त्यात माणसं रोज बसतात."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. पैगंबर मुहम्मद (सल्ल.) स्वतः व्यापारी होते आणि पैगंबरीच्या आधीपासून मक्केचे लोक त्यांना अल-अमीन म्हणत. मालातला दोष लपवून विकू नये, ही त्यांची शिकवण आपण मुलांना लहानपणीच सांगतो. वर्गात ती सांगणे सोपे असते. इथे एक माणूस विकून झालेल्या मालाचा दोष सांगायला स्वतः घरोघर निघाला होता, तेही आठ-आठ महिन्यांनी.

मुलाने फोन लावले. ज्यांचे नंबर बदलले होते त्यांच्या घरी उस्ताद बस पकडून गेले. एका गिऱ्हाइकाने फोनवरच खडसावले, की तुमच्यावर भरवसा ठेवून चूक केली. उस्तादांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण तोवर गाडी चालवू नका." दोन-तीन जणांना हे पैसे काढण्याचे नवे निमित्त वाटले, काम फुकट आहे हे दोनदा सांगावे लागले. एक पद्मिनी भंगारात गेली होती. एक कल्याणला विकली गेली होती. जुन्या मालकाकडून नंबर घेऊन तिच्या नव्या मालकालाही कळवले.

राहिलेले बारा पंप खोलले. पाच पडदे फुगू लागले होते. बाकीचे वरून चांगले दिसत होते, पण उस्तादांनी तेही बदलले. माहीमच्या गाडीचे ऑइल आणि फिल्टरही बदलून दिले. खर्च सारा त्यांचा. दुकानदाराला डबा परत नेऊन दाखवला. पुढे काय झाले ते उस्तादांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

दुरुस्त करावा की नवा बसवावा?

पारशी कॉलनीतली एमजी एका वयस्कर बाईंची. पतीच्या पश्चात त्यांनी ती ठेवली आहे. महिन्यातून दोन रविवार त्यांचा भाचा ती फाइव्ह गार्डन्सच्या भोवती फिरवतो. गाडी १९५० च्या दशकातली, टीडी मॉडेल. भाच्याचे म्हणणे, ही जुनी कटकट काढून नवा इलेक्ट्रॉनिक पंपच बसवावा. बाई म्हणाल्या, "उस्ताद, तुम्ही सांगा तसं करू."

उस्तादांनी दोन्ही बाजू मांडल्या. त्या इतर वाचकांच्याही कामाच्या आहेत.

नव्या पंपात पॉइंट नसतात, त्यामुळे ते काळे पडण्याची भीती नाही. गाडी रोज चालत असेल तर तो सोयीचा. पण कोणताही पंप आणून लावता येत नाही. कार्बोरेटरच्या या गाड्यांना फक्त दोन-तीन पीएसआय दाब लागतो. आजच्या इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो. तो लावला तर कार्बोरेटर भरून वाहू लागतो. दुसरे म्हणजे त्या काळातल्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, आजच्या उलट. त्याप्रमाणे बनवलेला पंप घेतला नाही तर तो लावताक्षणी जळू शकतो.

बनवणाऱ्यांनीही असे बदल केले आहेत. जग्वारची प्रसिद्ध ई-टाइप १९६१ मध्ये आली तेव्हा तिचा लुकासचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्येच बुडवलेला होता. १९६४ मध्ये ४.२ लिटरचे इंजिन आले तेव्हा कंपनीने तो सोडून एस.यू.चा पंप घेतला. तेव्हा पंप बदलला म्हणून गाडी बाटत नाही. जुना पंप मात्र फेकू नये. डब्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवावा.

दुरुस्ती कधी करावी? पंपाचे धातूचे अंग शाबूत असेल, तडा नसेल, कॉइल चांगली असेल आणि सुटे भाग खात्रीचे मिळत असतील तेव्हा. अंगालाच तडा असेल, बसण्याची जागा वाकडी झाली असेल किंवा लिव्हर झिजून ढिला झाला असेल, तर नवा पडदा घालून उपयोग नाही. मग पूर्ण पंपच बदलावा. पद्मिनींपैकी दोन पंप असेच निघाले आणि उस्तादांनी ते बदलायला सांगितले.

मॉरिसचे मालक गाडी रोज कामावर नेतात. त्यांनी नवा इलेक्ट्रॉनिक पंप पसंत केला. एमजीचा पंप शाबूत होता, म्हणून तो दुरुस्त करायचे ठरले. इथेनॉल सोसणारा पडदा इंग्लंडहून मागवला. आल्यावर उस्तादांनी तो मुलाच्या हातात दिला आणि स्वतः नुसते बघत बसले. सहा स्क्रू. पडद्यामागचे अकरा पितळी रोलर, एकही हरवायचा नाही. पॉइंट साफ. मग पडदा फिरवून आत घ्यायचा, पॉइंटची उडी थांबेपर्यंत. परत सोडायचा, पॉइंट नेमके उडतील तिथपर्यंत. आणि तिथून आणखी चार भोके मागे. भोके सहा, म्हणजे चार भोके हा दोन तृतीयांश फेरा. मुलगा चुकला, पुन्हा केले. तिसऱ्यांदा जमले.

घरी जुनी गाडी असेल तर

उस्तादांनी सांगितलेल्या काही गोष्टी वाचकांसाठी देतो.

बंद गाडीत किंवा गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास आला तर 'जुनी गाडी आहे, वास येणारच' असे म्हणू नका. इंजिन चालू करू नका, आधी मुलांना दूर करा.

महिन्यातून एकदा ऑइलची पट्टी पाहा. ऑइल कमी होणे समजू शकते. आपोआप वाढले तर पंप तपासा.

पंपासोबत रबरी नळ्याही बदला. पडदा नवा आणि नळी जुनी, तर गळती फक्त जागा बदलते.

मे महिन्यात गाडी सिग्नलवर बंद पडली तर दर वेळी पंप खराब असतो असे नाही. उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. टॅक्सीवाले पंपावर ओले फडके ठेवत ते याचसाठी. पण पंप आणि इंजिन यांच्यामधली उष्णता अडवणारी जाड पट्टी जागेवर आहे का ते पाहून घ्या. घाईत काम करणारे ती काढून टाकतात.

गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर मिस्त्रीला विचारून टाकीची व्यवस्था लावा. गाडीत आग विझवण्याचा लहान सिलिंडर ठेवा. आणि कोणता सुटा भाग बसवला, तो इथेनॉलला चालतो का, हे बिलावर लिहून घ्या.

मुलाच्या वडिलांचा प्रश्न

या सगळ्या काळात मुलाचे वडील एकदा आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, पद्मिनी टॅक्सी तर गेली. पोराने हे शिकून करायचं काय?"

त्यांची काळजी खरी आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीवर कितीतरी गॅरेजांची रोजी होती. आता उरल्या त्या हौसेच्या गाड्या. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने वेगळी नोंदणी सुरू केली, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे आली. पण अशा गाड्या रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाहीत.

आम्ही त्यांना खोटा दिलासा दिला नाही. जुन्या गाड्यांवर घर चालेलच असे नाही. मुलाने नव्या गाड्यांचे आणि विजेच्या गाड्यांचे कामही शिकावे, त्यासाठी आयटीआयचा कोर्स करावा, असे सांगितले. पण उस्तादांचे गॅरेज सोडू नये, हेही सांगितले. तेरा लोकांना फोन करून 'आमची चूक झाली' म्हणायला तो तिथेच शिकला. ते कोणत्याही गाडीला लागू पडते. वडील काही बोलले नाहीत. मुलाने आयटीआयसाठी अर्ज केला आहे आणि संध्याकाळी तो अजून गॅरेजवर असतो.

आता फळीवर एक नवी वही आहे. ती मराठीत आहे आणि मुलगा लिहितो. जुन्या रकान्यांत दोन नवे वाढले आहेत: सुटा भाग कुठून घेतला आणि रबर कोणते. उस्ताद रोज दुकान बंद करण्याआधी त्याच्याकडून ते मोठ्याने वाचून घेतात.

एमजी परत न्यायला बाई स्वतः आल्या होत्या. मुलाने चावी फिरवली. पंप टिकटिकला आणि कार्बोरेटर भरताच थांबला. उस्तादांनी कान देऊन आणखी मिनिटभर वाट पाहिली. पंप गप्पच राहिला. मग ते म्हणाले, "आता न्या."